नाव नसलेले टेबल

आपल्या आजी-पणजींच्या घरात टेबल नव्हते. जेवणाला पाट, पूजेला चौरंग, ग्रंथवाचनाला ठवणी आणि दुकानाच्या हिशेबाला उतरत्या झाकणाची पेटी, एवढ्यात घरातील सगळी कामे होत. टेबल हा शब्दही बाहेरचा आणि ती वस्तूही बाहेरची. कचेरी, शाळा, दवाखाना असा प्रवास करीत ती फार उशिरा आपल्या घरात आली. त्यामुळे पाट-चौरंगाविषयी जी माया असते, ती टेबलाविषयी सहसा आढळत नाही. आमच्या मनवेलपाड्याच्या घरात मात्र एक टेबल असे होते, की त्याच्यामुळे घरातील चार माणसांना दोन महिने विचार करावा लागला. त्या विचारातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

टेबल दिसायला साधे होते. चार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. वरची फळी शिसवीच्या पातळ पापुद्र्याने मढवलेली, खाली काळ्या रंगाची लोखंडी नळ्यांची चौकट आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या चारही पायांना पितळी टोप्या. फळी आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर अंतर राखलेले होते. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास फळी अधांतरी ठेवल्यासारखी भासे. चौकटीच्या आतल्या बाजूस इटलीत बनवल्याचा एक लहानसा ठसा होता. त्यावर कारखान्याचे नाव नव्हते आणि रचनाकाराचेही नव्हते.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामंजी म्हणत असू, मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये जहाजांच्या एका एजंटाच्या कचेरीत कारकून होते. त्या काळी परदेशी जाणारा माणूस विमानाने क्वचितच जाई. लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीची ‘एशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ ही जहाजे १९५३ पासून इटली आणि मुंबई यांच्यामध्ये ये-जा करीत आणि शिक्षणासाठी युरोपात निघालेले कितीतरी तरुण त्यांतून गेले. पुढे विमाने स्वस्त झाली, प्रवासी जहाजे बंद पडत गेली आणि मामंजींच्या कचेरीने १९७८ साली आपली मोठी जागा सोडली. सामान नोकरांना विकण्यात आले. मामंजींनी हे टेबल दीडशे रुपयांना घेतले. त्याची पावती त्यांनी जपून ठेवली होती. तीवर फक्त ‘जुने टेबल, लाकडी, लोखंडी पाय, नग १’ एवढेच लिहिलेले आहे.

गिरगावच्या चाळीत ते हातगाडीवरून आले. चार बोल्ट काढले की फळी आणि चौकट वेगळी होत असल्याने चिंचोळ्या जिन्यातून ते सहज वर चढले, हे सासूबाई आजही कौतुकाने सांगतात. १९९२ साली आम्ही विरारला आलो. तेव्हा विरार ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. मनवेलपाड्याला तलावापासून थोड्या अंतरावर आमचे तळमजल्याचे दोन खोल्यांचे घर. त्या दोन खोल्यांत टेबलाने काय केले नाही? त्यावर माझ्या शाळेच्या वह्या तपासून झाल्या, मुलाचा दहावी-बारावीचा अभ्यास झाला, दिवाळीच्या करंज्या भरून झाल्या. मुसळधार पावसात घरात पाणी शिरले, की अंथरुणे, धान्याचे डबे आणि ग्रंथांची पेटी त्याच्यावरच चढवली जाई. प्लायवूडचे कपाट दोन पावसाळ्यांत फुगून उसवले; टेबलाचे पितळी पाय मात्र पुसले की पुन्हा कोरडे. रात्री त्याच्या खाली दोन मुले झोपत. चारही पाय अगदी कडेला आणि मध्ये एकही आडवी पट्टी नाही, म्हणून ते शक्य होई. केरसुणीही थेट भिंतीपर्यंत पोहोचे. खालची जमीन नजरेस पडत असल्यामुळे मुंग्यांची रांग असली तर आधी दिसे आणि सांभाळून केर काढता येई. यत्नाचार पाळणाऱ्या घराला ही सोय लहान वाटत नाही.

ही सोय योगायोगाने झालेली नव्हती, हे मला पुष्कळ नंतर कळले. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा इटलीतील अनेक शहरे बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाली होती. नवी घरे लहान होती आणि साहित्याची टंचाई होती. इमारतींची कामे मिळेनात, तेव्हा तिकडच्या कितीतरी वास्तुविशारदांनी खुर्च्या-टेबलांकडे मोर्चा वळवला. कमीत कमी लाकूड, कमीत कमी धातू, उचलायला हलके, सुटे करता येण्याजोगे, असे सामान त्यांनी आखले. फ्रांको अल्बिनी यांनी १९५० च्या सुमारास घोडीच्या पायांवर ठेवलेले, सुटे होणारे टेबल रचले आणि ते पाविया गावच्या पोज्जी या सुतारांच्या कारखान्यात तयार झाले. जिओ पोंती यांची १९५७ सालची ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची जेमतेम १ किलो ७०० ग्रॅम वजनाची. लहान मूल ती एका बोटाने उचलू शके, अशी तिची जाहिरात होत असे. याच पोंतींनी १९२८ साली ‘दोमुस’ हे वास्तुकलेचे मासिक सुरू केले होते. उत्तम वस्तुरचनेसाठी ‘कोंपासो दोरो’, म्हणजे सोन्याचा कंपास, हा पुरस्कार १९५४ पासून मिळू लागला. १९६१ साली मिलानमध्ये फर्निचरचे मोठे प्रदर्शन भरू लागले, ते आजही भरते.

आपल्याकडे त्या काळचे इटालियन रचनाकौशल्य आले ते मुख्यतः रस्त्यावरून. मुंबईत जुळवली जाणारी लांब्रेटा आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती वळणदार, सडसडीत रेषा ठाऊक आहे. टेबले मात्र फार थोडी आली.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. मोठ्या नावांच्या मागे मिलानच्या उत्तरेकडील कांतू, लिस्सोने, मेदा या गावांतील शेकडो सुतारशाळा उभ्या होत्या. पिढ्यानपिढ्या तेथे लाकूडकाम चालत आलेले. कांतूमध्ये १९५५ साली फर्निचररचनेची स्पर्धा सुरू झाली आणि वास्तुविशारदाने आखावे, गावच्या कारागिराने घडवावे, अशी जोडी जमत गेली. पण रोजच्या विक्रीसाठी त्या सुतारांनी आपल्या मनाने केलेली टेबलेही असंख्य होती. तीच निमुळती पायांची ढब, तीच पितळी टोपी, तीच अधांतरी फळी. ती कोणी आखली हे कागदावर राहिले नाही. आमचे टेबल त्याच कुळातले असावे.

पाच वर्षांपूर्वी सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले. वय ऐंशीच्या पुढे आणि विमा नाही. एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्चच आमच्या शिलकीपेक्षा मोठा होता. मुलाने टेबलाची छायाचित्रे काढून मुंबईतील जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याला पाठवली. तो दुसऱ्याच दिवशी विरारची गाडी पकडून आला, यावरूनच काय ते समजले.

माणूस जाणकार होता, हे नाकारता येणार नाही. त्याने पायांना लोहचुंबक लावून पाहिले. टोपीला ते चिकटले नाही, म्हणजे पितळ खरे. पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असते तर चिकटले असते. फळीच्या कडेला भिंग लावून त्याने लाकडाच्या रेषा पाहिल्या. वरची रेषा कडेवरून खाली उतरत नव्हती, म्हणजे फळी अखंड शिसवीची नसून पापुद्रा चढवलेली. त्या काळच्या चांगल्या कामातही हीच पद्धत होती, त्यात कमीपणा नाही, असेही त्याने सांगितले. मग त्याने दोन किमती सांगितल्या. टेबल जसे आहे तसे पंचेचाळीस हजार. आणि जर ते जिओ पोंतींचे आहे असे म्हणता आले, तर पावणेदोन लाख.

“म्हणता आले म्हणजे?” मी विचारले.

त्याने जे समजावले त्यातून या व्यापाराची रीत मला प्रथमच कळली. परदेशातील लिलावांत अशा वस्तूंचे वर्णन करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. रचनाकाराचे मूळ आरेखन, कारखान्याची नोंद किंवा खरेदीचा कागद असेल तर वस्तू ‘त्याची’. पुरावा अपुरा पण जाणकारांचा कौल अनुकूल असेल तर ‘त्याची मानली जाणारी’. नुसते साम्य असेल तर ‘त्याच्या वळणाची’. आणि काहीच नसेल तर केवळ ‘इटालियन, १९५०-६०’. पायरी एकेक चढली की किंमत कित्येक पटींनी चढते, आणि टेबल तेच असते. आपल्या देशात चंदीगडच्या खुर्च्यांबाबत हेच घडले. पिएर जानरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या त्या खुर्च्या एकेकाळी भंगारात गेल्या. पुढे परदेशी लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागू लागली, तेव्हा त्यांच्या पाठीवर रंगवलेले कचेरीचे क्रमांकही नव्या लाकडावर जुन्यासारखे रंगवणारे लोक निघाले.

व्यापाऱ्याला आमच्याकडून एक पत्र हवे होते. पोंतींनी ‘कोंते ग्रांदे’, ‘आंद्रेआ दोरिया’ यांसारख्या जहाजांची अंतर्गत सजावट केली होती, हे खरे आहे. आमचे टेबल जहाजाच्या एजंटाच्या कचेरीतून आले, हेही खरे आहे. या दोन खऱ्या गोष्टींमधली मोकळी जागा सासूबाईंनी भरायची होती. ‘हे टेबल पोंतींच्या आरेखनाप्रमाणे खास कचेरीसाठी इटलीहून मागवले होते, असे माझे पती सांगत,’ एवढे एक वाक्य आणि खाली सही. आणखी एक विनंती होती. चारांपैकी एक पितळी टोपी घर बदलताना हरवली होती आणि विरारच्या एका लेथवाल्याने तशीच दुसरी कातून दिली होती. ते पत्रात लिहू नये. “आजी, कोणाचं नुकसान नाही यात. घेणारा श्रीमंत आहे, तुमचा गुडघा होईल,” तो म्हणाला.

हे बोलणे चुकीचे आहे, हे घरात सगळ्यांना कळत होते. पण रात्री दोन वेळा उठून सासूबाईंना आधार देणाऱ्या माझ्या मुलाला ते लगेच झिडकारता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही काही बोलले नाही. पावणेदोन लाख ही रक्कम समोर असली की माणूस शब्दांकडे सैल नजरेने पाहू लागतो. ‘सांगत’ म्हणजे काही शपथ नव्हे, असे मुलगा म्हणाला. मामंजींना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यांना कोण विचारणार होते?

ते दिवस दशलक्षण पर्वाचे होते. आपल्याकडे या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे रोज एक याप्रमाणे वाचन होते, हे वाचकांना सांगावयास नको. सासूबाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण साठ वर्षे त्या सातव्या दिवशी सातवा अध्याय ऐकत आल्या आहेत आणि व्रतांचे अतिचार त्यांना तोंडपाठ आहेत. त्या वर्षी चालवत नव्हते म्हणून त्या घरीच ऐकत बसल्या होत्या. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख करणे. अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो, म्हणजे एका वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू खपवणे. व्यापाऱ्याच्या त्या एका वाक्यात दोन्ही होते. सासूबाईंनी त्याविषयी प्रवचन केले नाही. रात्री जेवणानंतर मला एवढेच म्हणाल्या, “अगं, कागद आण. मी पाहिलं तेवढं लिही. न पाहिलेलं माझ्या सहीखाली नको.”

पत्र लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची होती, आणि तिचा आग्रहही त्यांचाच. टेबल घरी आल्यापासून सासूबाईंनी त्यावर कधी जिनवाणी ठेवली नव्हती. पावसाच्या पाण्यात ग्रंथांची पेटी वर ठेवावी लागे तेव्हाही खाली आधी पाट ठेवला जाई. कोणीतरी त्यांना सांगितले होते, की अशा चकचकीत विलायती टेबलांचे पॉलिश लाखेचे असते. लाख ही पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या कीटकांपासून मिळते आणि ती काढताना असंख्य जीव जातात. लाक्षावाणिज्य म्हणूनच श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत गणले आहे. चाळीस वर्षे त्यांनी हे मनात धरले होते. आता पत्रात ‘लाखेचे पॉलिश’ लिहावे की नाही, असा त्यांना प्रश्न पडला.

आमच्या गल्लीत पॉलिशचे काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी फळीच्या खालच्या बाजूस, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावले. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळून चिकट होते आणि बोळ्याला तपकिरी रंग येतो. येथे काहीच झाले नाही. मग त्यांनी थिनर लावले, तेव्हा थर मऊ झाला. “हे लॅकर आहे, लाख नाही,” ते म्हणाले. नायट्रोसेल्युलोज लॅकर फवाऱ्याने मारीत आणि त्याचा मूळ पदार्थ कापसासारख्या वनस्पतींच्या तंतूंपासून बनतो. सासूबाई बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, “म्हणजे बिचाऱ्यावर मीसुद्धा नसतं नाव ठेवलं होतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्वाध्यायाचा ग्रंथ प्रथमच त्या टेबलावर होता.

पत्र मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिले. टेबल १९७८ साली कचेरी रिकामी होताना घेतले, पावती सोबत जोडली आहे. चौकटीवर इटलीचा ठसा आहे. कोणी आखले ते माझ्या पतींनी कधी सांगितले नाही. डाव्या कोपऱ्यावरील शाईचा डाग कचेरीतलाच, गोल डाग माझ्या हातच्या गरम पातेल्याचा. मागच्या उजव्या पायाची टोपी १९९२ साली विरारला बनवलेली आहे. पॉलिश जुनेच आहे, त्यावर पुन्हा काही चढवलेले नाही. खाली त्यांची थरथरती, पण स्पष्ट सही.

व्यापाऱ्याने पत्र वाचले, घडी घालून परत दिले आणि पंचेचाळीस हजारांवरूनही तो खाली आला. टोपी बदललेली आहे हे आता लेखी झाले होते ना! तो व्यवहार झाला नाही. पुढे महिन्याभराने वास्तुकला शिकवणारे एक तरुण जोडपे ओळखीतून घरी आले. त्यांनी पत्र दोनदा वाचले. जुने टेबल घेताना लोक सहसा नाव सांगतात, त्याची हकिकत कोणी सांगत नाही, असे त्या मुलीने म्हटले आणि त्या लेथवाल्याविषयीच अधिक चौकशी केली. बावन्न हजारांना टेबल गेले. चार बोल्ट काढले, फळी आणि चौकट टेंपोत चढली, अर्ध्या तासात खोली मोकळी झाली. जाताना त्यांनी पत्राची मूळ प्रत मागून घेतली. आमच्याकडे झेरॉक्स आहे.

बावन्न हजारांत गुडघा होत नाही. उरलेली रक्कम माझ्या भविष्य निर्वाह निधीतून आणि मुलाच्या कर्जातून उभी केली. ते कर्ज अजून दोन वर्षे फिटायचे आहे. एकाच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसरा तसाच आहे. सासूबाई काठी घेऊन मंदिरापर्यंत जातात, पायऱ्या मात्र चढत नाहीत. पत्रावर दुसरे वाक्य लिहिले असते तर कदाचित त्या पायऱ्याही चढल्या असत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. खरे बोलण्याची किंमत काही वेळा माणसाच्या चालण्यात मोजावी लागते आणि ती किंमत आमच्या घरात रोज डोळ्यांसमोर असते. सासूबाईंनी त्याविषयी आजवर हळहळ व्यक्त केलेली नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुन्या वस्तू असतील. शिसवीचा पलंग, पितळी कड्यांची पेटी, एखादे परदेशी घड्याळ किंवा टेबल. आपल्या कायद्यात पुराणवस्तू म्हणून सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तूच गणली जाते. बाजारात मात्र तीस वर्षांच्या खुर्चीलाही ‘अँटिक’ म्हणतात, त्याला भुलू नये. वस्तू विकायची असो वा ठेवायची, नव्याने पॉलिश करण्याची घाई करू नये. जुना थर एकदा खरवडला की परत येत नाही. आणि घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून त्या वस्तूची हकिकत लिहून घ्यावी. कधी आली, कोणाकडून आली, काय मोडले, कोणी दुरुस्त केले, कशाचा डाग आहे, हे सगळे. जे त्यांना ठाऊक नाही ती जागा मोकळी सोडावी, आणि खाली त्यांची सही व तारीख घ्यावी.